गेट तुम्हीच ठरवा

कंत्राटदार लष्कराच्या तळावरचं काम घ्यायला निघाला, तेव्हा बायकोने त्याला दारातच अडवलं. "या वेळी भांडायचं नाही," ती म्हणाली. याआधी दोन तळांवर तो भांडला होता, एकदा गटाराच्या उतारावरून आणि एकदा साध्या खिडकीवरून, आणि दोन्ही कामं हातची गेली होती. आता गोदामांचं काम होतं. आधी भोवतीची भिंत बांधायची, ती सुरळीत झाली तर गोदामंही त्यालाच. नाही झाली तर गाशा गुंडाळून मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरात ठरूनच गेलं होतं. मेहुणा तर आतापासूनच खुर्ची पुसून ठेवत होता.

तळावरच्या मेजरसाहेबांचीही गत वेगळी नव्हती. त्यांनी आजवर बरेच कंत्राटदार पळवून लावले होते आणि आता आणखी एक पळाला तर बदली, अशी वरून तंबी होती. म्हणून काम सुरू होण्याआधी दोघांना सहकार्याच्या शिबिराला बसवलं. तिथल्या बाईंनी एकच धडा गिरवून घेतला. समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही, 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं.

पठ्ठ्याने तो धडा घरीही आणला.

"स्वयंपाकघरातली फळी कुठे लावायची?" बायकोने विचारलं.

"तू म्हणशील तिथे."

"अहो, खिळा कुठे बसेल ते तुम्हाला कळतं. मला काय विचारता?"

"तरीपण, तू म्हणशील तिथे."

फळी जमिनीवरच राहिली आणि डबे तिच्यावर. तळावरही हाच गोडवा चालला होता.

"गेट पूर्वेला घ्यावं म्हणतो," कंत्राटदार म्हणाला. "पण तुम्ही ठरवा."

"छे छे, ट्रक तुमचे यायचेत. तुम्हीच ठरवा."

"ट्रक आमचे चार दिवस. नंतर जन्मभर तुमच्याच गाड्या. तुम्हीच."

शेवटी नकाशात गेटच्या जागी 'दोघांच्या संमतीने' एवढंच लिहून दोघे चहा प्यायला गेले.

भिंत दोन्ही टोकांनी चढू लागली. सहकार्य म्हणून एकीकडून जवान, दुसरीकडून कंत्राटदाराचे गवंडी. मुकादमाने विचारलं, "गेटला जागा कुठे सोडू?"

"त्यांच्या बाजूला सोडतील ते. आपण मध्ये मध्ये करायचं नाही." पलीकडे मेजरसाहेबांनीही हवालदाराला नेमकं हेच सांगितलं होतं.

मोठे साहेब पाहणीला यायचे त्या दिवशी कंत्राटदार आणि मेजर भिंतीच्या आतल्या तंबूत बसून एकमेकांना खुर्ची देत होते. इतक्यात भिंतीपलीकडून हवालदाराचा आवाज आला, "साहेब, भिंत झाली पूर्ण."

कंत्राटदाराला भरून आलं. न भांडता संपलेलं त्याचं हे पहिलंच काम. साहेबांना सामोरं जावं म्हणून तो गाडीत बसला, भिंतीच्या कडेकडेने निघाला आणि वळत वळत पुन्हा तंबूपाशीच येऊन थांबला.

"मेजरसाहेब," तो काच खाली करून म्हणाला, "तुम्हाला गेट कुठे दिसलं का?"

"मी तुम्हालाच विचारणार होतो."

आत एक मोटार, एक जीप, काँक्रीटचा मिक्सर आणि हे दोघे. भोवती दोन पुरुष उंच भिंत. कंत्राटदाराच्या डोळ्यांपुढे मेहुण्याची खुर्ची आली आणि इतक्या दिवसांचं गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"मी पूर्वेला म्हणत होतो. पहिल्या दिवसापासून."

"पूर्वेला पाणी तुंबतं. दिसत नाही का?"

"मग तेव्हा का नाही बोललात? पश्चिमेला चढ आहे, भरलेला ट्रक काय तुम्ही ढकलणार?"

"उत्तरेला घ्या."

"उत्तरेला वळायला जागा कुठाय? तो विजेचा खांब आडवा येतो."

"खांब काय देवाने रोवलाय? सरकवा."

"सरकवायला माझी हरकत नाही. पण खांब तुमचा आहे."

"सरकवतो मी. बारा फुटांचं गेट करा."

"बारात ट्रक घासेल. सोळा."

"चौदा."

"चौदा तर चौदा," कंत्राटदार ओरडला.

वरून कुणीतरी खाकरलं. मोठे साहेब बाहेरून शिडी लावून भिंतीवर कोपर टेकून उभे होते. किती वेळ, कोण जाणे. मेजरांनी सॅल्यूट ठोकला, पण चेहरा बदलीचाच होता.

"उत्तरेला, चौदा फूट," मोठे साहेब शांतपणे म्हणाले. "इतके दिवस जे झालं नाही, ते पाच मिनिटांत ठरलं. गोदामं यांनाच द्या. शिबिर मात्र पुन्हा नको."

कंत्राटदाराने लगेच घरी फोन लावला. त्याच्या घोगऱ्या आवाजावरूनच बायकोने ओळखलं.

"भांडलात ना?"

"भांडलो. म्हणून तर गोदामं मिळाली." त्याने सगळं सांगितलं.

पलीकडून डबे बाजूला सारल्याचा आवाज आला.

"मग असेच तावातावाने घरी या," ती म्हणाली. "फळीचंही आजच मिटवून टाकू."