तपासले, छापावे

छापखान्यात त्याला सगळे 'अनुस्वार' म्हणत. कुठल्याही मजकुरात हरवलेला अनुस्वार तो हातभर अंतरावरून ओळखायचा. वर्षअखेरचा महिना म्हणजे डायऱ्यांचा आणि कॅलेंडरांचा, मान वर करायला फुरसत नाही. आणि नेमक्या त्याच महिन्याच्या एक तारखेला अनुस्वारने घरात जाहीर केलं, "या महिन्यात मी पाच संकल्प पाळणार. पाचही!"

"एक पाळा," बायको म्हणाली. "मी मैत्रिणींना फोन करून सांगेन."

गेले चार शनिवार लेक पोहण्याचा पोशाख घालून दाराशी बसली होती, आणि चारही वेळा छापखान्याच्या मालकांचा फोन आला होता. अनुस्वारला ते फार लागलं होतं. खरा संकल्प तोच होता, बाकीचे चार त्याच्या सोबतीला.

ऑफिसात दोन प्रुफांच्या मधल्या वेळात त्याने कोऱ्या कागदावर यादी केली. पहाटे पाचला उठणे. अर्धा तास चालणे. साखर बंद. शनिवारी लेकीला पोहायला नेणे. मालकांना 'नाही' म्हणायला शिकणे. मग सवयीने वाचली. एक वेलांटी दुरुस्त केली. आणि सवयीनेच खाली लिहिलं, 'तपासले. छापावे.' शिवाय झोकदार सही!

आता छापखान्याचा नियम असा, की अनुस्वारची सही असलेला कागद कुणीही, काहीही न विचारता छापायचा. एका दंतवैद्याच्या डायरीचं पहिलं पान सुविचारासाठी अडलं होतं. अनुस्वारचा कागद त्या जागी गेला आणि ते सुटलं. दोन हजार प्रती!

तीन आठवडे संकल्पांकडे बघायलाही वेळ झाला नाही. पाचला उठणं राहिलं बाजूला, एकदा तो पाचला झोपला. चौथ्या आठवड्यात मालकांनी आत बोलावलं. टेबलावर डायरी उघडी होती.

"हे कोणाचं?"

अनुस्वारने पान पाहिलं. त्याचीच यादी, सुबक छापलेली!

"मालकांना नाही म्हणायला शिकणे," मालक सावकाश वाचत होते. "कोणते मालक हो?"

"सर्वसाधारण मालक, साहेब! कुठलेही!"

"सर्वसाधारण," मालक म्हणाले आणि एकदम हसले. "अहो, दंतवैद्य खूश आहेत! साखर बंद म्हणे, आजवर एकाही छापखान्याला सुचलं नाही. आणखी हजार प्रती हव्यात. मी स्वतः आठ दिवस पाचला उठतोय. इथल्या चहातली साखरही बंद केली."

चहा अचानक कडू का लागतोय, हे अनुस्वारला तेव्हा कळलं.

शनिवारी पहाटे पाचला फोन वाजला.

"उठला असालच!" मालकांचा आवाज टवटवीत. "हजार प्रती आजच द्यायच्यात. या."

अनुस्वारने बाजूला पाहिलं. लेक पोशाख घालूनच झोपली होती. त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "नाही, साहेब!"

"शाब्बास!" मालक ओरडले. "जमलं की तुम्हाला! मनापासून अभिनंदन. आता आवरा आणि या."

"साहेब, दहाला लेकीला..."

"पाच ते दहा पाच तास होतात!"

बायको डोळे न उघडता म्हणाली, "चालत जा. तोही संकल्प होऊन जाईल."

तो चालत गेला. बिनसाखरेचे चार चहा ढोसले, हजार पानं डोळ्यांत तेल घालून तपासली आणि दहाला पाच कमी असताना पळत तलावावर पोचला. बायको लेकीला घेऊन उभी होती. पाचही संकल्प, एकाच दिवशी! अभिमानाने त्याची छाती फुगली. लेक पाण्यात उतरली, तो काठावर तिला बघत उभा राहिला. ऊन उबदार होतं, पाणी डुलत होतं, पापण्या जड झाल्या...

धप्प!

नाकातोंडात पाणी, पायात बूट, खिशात तीन लाल पेनं. आजूबाजूचं पाणी हळूहळू गुलाबी होऊ लागलं.

"आई, बघ!" लेक आनंदाने किंचाळली. "बाबा आत आले! या वेळी खरंच आले!"