धाबळीला विटाळ नसतो

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीच्या पहाटे दत्ताला स्नान घालता घालता विसूभटजींचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं, दोनदा हवा हुंगली आणि तांब्या खाली ठेवला.

"उंदीर," ते म्हणाले. "नक्की कुठेतरी मेलाय."

बाहेर औदुंबराभोवती सत्यवतीबाईंची एकाहत्तरावी प्रदक्षिणा चालू होती. प्रदक्षिणेत बोलायचं नाही असा नेम असल्यामुळे त्यांनी नुसती मान हलवली. वास त्यांनाही आला होता. मेल्या जिवाला देवाच्या दारी गती मिळो, असं मनात म्हणून त्या बहात्तराव्या प्रदक्षिणेला लागल्या.

सन अडतीसचा तो मार्गशीर्ष. भाईंदरला खाडीवरून असा गार वारा सुटायचा की दत्ताच्या देवळातली समईसुद्धा कुडकुडल्यासारखी हलायची. त्या थंडीत सत्यवतीबाईंचं व्रत होतं. प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे थंड पाण्याने डोक्यावरून अंघोळ आणि सोवळ्याने औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा. त्यांचे यजमान गोपीनाथराव मिठागरावर कारकून. सातला त्यांना गरम भाकरी खाऊन निघायचं असे. म्हणून प्रदक्षिणा पळतच व्हायच्या. देवाला घाई आवडत नाही हे बाईंना ठाऊक होतं, पण भाकरीचा नेमही त्यांना मोडायचा नव्हता.

सोवळं म्हणजे सासूबाईंची धाबळी. जाड, काळपट लोकरीची, अंगाभोवती गच्च गुंडाळायची. देताना सासूबाईंनी बजावलं होतं, "हिला पाणी दाखवायचं नाही हो. लोकर वाऱ्यानेच शुद्ध होते. धाबळीला विटाळ म्हणून नसतो." तेव्हापासून अकरा वर्षं धाबळी खुंटीवर वाऱ्याने शुद्ध होत होती.

पाच दिवस एवढं पळूनही घामाचा विचार बाईंच्या मनाला शिवला नव्हता. घाम ही वैशाखातली गोष्ट. दातावर दात वाजत असताना माणसाला घाम येतो, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला सुंठ-गुळाचा काढा दिला असता.

षष्ठीला भटजींनी ओट्यामागची फरशी उखडली. उंदीर निघाला नाही. सप्तमीला गाभाऱ्याबाहेरचं लाकडी कपाट हलवलं, त्यातून जुनी झांज निघाली. वास मात्र जिथल्या तिथे. खरं म्हणजे जिथल्या तिथेही नव्हता. भटजी म्हणाले, "कमाल आहे. आत्ता होता, आता नाही. आता परत आला. गोल गोल फिरतोय मेला."

"उंदीर मेला की फिरत नाही, भटजी," मथूताई म्हणाल्या. मथूताई पोस्टमास्तरांच्या पत्नी. देवळातली कुठलीही गोष्ट त्यांच्या मतावाचून पुरी होत नसे. त्यांनी पदर नाकाला लावला आणि डोळ्यांनी पायरीकडे खूण केली. "मी म्हणते, पहाटे पहाटे ती कोळीण येते ना?"

ती कोळीण म्हणजे मुर्धा गावची चांगुणा. तिचा नवरा होडीवर गेलेला, पंधरा दिवस झाले तरी परतायचा होता. तो धक्क्याला लागेपर्यंत रोज दत्ताचं तोंड पाहूनच टोपलीला हात लावायचा, असं तिने धरलं होतं. मुर्ध्याहून झपाझप चालत यायची, टोपली पायरीशी ठेवायची, हात जोडायची आणि धक्क्याकडे पळायची.

त्या दिवशी प्रदक्षिणा संपल्या होत्या. बोलायला हरकत नव्हती. सत्यवतीबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत नाही हो. मला पाप नको. पण टोपली पायरीशी असते, एवढं खरं."

एरवी न बोलणाऱ्या बाईने एवढं म्हटल्यावर आणखी कुणी काही म्हणायची गरज उरली नाही. अष्टमीच्या पहाटे भटजींनी चांगुणाला कुंपणाशीच अडवलं.

"दत्तजयंती होईपर्यंत रस्त्यावरूनच नमस्कार कर बाई. लोकांना वास येतोय."

"कसला वास?" चांगुणाने टोपली उपडी करून दाखवली. "मावरा तं मी आता घेवाला चाललंय. टोपली रिकामी हाय, घासलेली हाय. हुंगून बघा."

भटजी काही हुंगायला तयार होईनात. चांगुणाने एकदा औदुंबराखाली पळणाऱ्या सत्यवतीबाईंकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग रस्त्यावर वाऱ्यात उभी राहून तिने कुंपणाच्या फटीतून दत्ताला शोधलं. दिसला की नाही, कोण जाणे.

नवमीला चांगुणा दूर आणि वास दुप्पट.

"राहिलेला आहे," मथूताईंनी निर्वाळा दिला. "माशाचा वास सात दिवस जात नाही." मग गोमूत्र शिंपडलं, धूप घातला. सत्यवतीबाईंनी विचार केला, आपणही देवासाठी काही करावं. बाजारात गुजराती अत्तरवाल्याकडे जाऊन म्हणाल्या, "देवळात वास येतोय हो. काही चांगलंसं द्या."

"शियाळामां, थंडीमां, तो हिनाच, बेन," तो म्हणाला. "गरम अत्तर. थोडंसं लावायचं, आठ दिवस जायचं नाय."

देवाला एक बोट लावलं आणि उरलेली बाटली बाईंनी धाबळीच्या काठाला पुसली, म्हणजे चालता चालता सगळीकडे सुवास पसरेल. दशमीला तो पसरला. अंगाच्या उबेने हिना जागी झाली, अकरा वर्षांची धाबळी जागी झाली, आणि दोघींनी मिळून जे काही केलं त्याने विसूभटजींना ऐन पुरुषसूक्तात सलग नऊ शिंका आल्या. मथूताईंना ऊन नसताना भोवळ आली. देवळातली मांजर कुंपणावरून उडी मारून गेली ती पुन्हा दिसली नाही.

"कोळणीने काही केलं तर नाही ना?" मथूताईंनी भानावर येताच विचारलं.

सत्यवतीबाई घरी आल्या. व्रतात सोवळ्यानेच वाढायचं असे. त्या पानाशी वाकल्या तसं गोपीनाथरावांनी उठून खिडकी सताड उघडली. गार वाऱ्याने पानावरची भाकरी थरथरली.

"अहो, थंडी किती आहे!"

"असू दे. हवा चांगली असते."

"सहा दिवस झाले, तुम्ही खिडकीत बसून जेवताय. पडसं होईल."

"झालं तर बरंच होईल," गोपीनाथराव पटकन बोलून गेले आणि मग भाकरीकडे बघत राहिले.

बाई उभ्याच राहिल्या. "म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही गं."

"माझी शपथ आहे."

गोपीनाथराव सज्जन गृहस्थ. मिठागरावर शंभर माणसांशी भांडायचे, पण घरात आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला. "हे बघ, तू एवढं पळतेस. माणूस पळाला की घामतोच, थंडी असो की ऊन. उन्हाळ्यात वारा लागतो, सुकतो. इथे वरून ती धाबळी. आत घाम, वर लोकर, त्यावर हिना. तुझं व्रत आहे, म्हणून मी म्हटलं उरलेले पाच दिवस काढू."

"म्हणजे देवळातला तो..."

गोपीनाथरावांनी मान खाली घातली. सत्यवतीबाईंनी काठ नाकाला लावला. अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी धाबळी हुंगली, आणि ती झटकन लांब धरली.

त्यांना वासाची लाज वाटलीच. पण त्याहून जास्त लाज वाटली ती पायरीशी असलेल्या टोपलीची. 'मी कुणाचं नाव घेत नाही हो' हे आपलंच वाक्य त्यांना दिवसभर ऐकू येत राहिलं. डाळ निवडताना, वाती वळताना, अगदी पोथी वाचतानाही.

एकादशीला त्यांनी यजमानांच्या दाढीच्या सामानातली तुरटी काढली. अंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगाला काखेत खसाखसा घासली, त्यावर कापूर चोळला, आणि धाबळी गुंडाळून पळाल्या. विसाव्या प्रदक्षिणेला तुरटी झोंबू लागली, चाळिसाव्याला कापूर. त्या हात पंखासारखे अंगापासून लांब धरून पळू लागल्या.

"काय हा भाव!" मथूताई भटजींना म्हणाल्या. "उडायच्याच बाकी आहेत."

वास होता तिथेच होता. त्यात कापराची भर पडली होती, एवढंच.

द्वादशीला बाई उपाशीपोटी मुर्ध्याला गेल्या. चांगुणा अंगणात जाळं शिवत बसली होती. बाईंना पाहून उठली नाही.

"चांगुणा, मी चुकले गं. तो वास तुझा नव्हता."

"ठावं हाय मना."

"माझा होता."

"त्येबी ठावं हाय. पयल्या दिसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

चांगुणा हसली. "बाय, एका बाजूला सोवल्याची बाई, एका बाजूला कोलीन. वास कुनाचा, ह्ये नाकाला कोन विचारतंय?"

बाईंना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून चांगुणाचा राग जरा उतरला. तिने पाट सरकवला.

"रडतेस कशाला? बस. घाम मनाबी येतंय. डोक्यावर टोपली घेऊन मुर्ध्याहून बाजारात पलते, थंडीचीबी भिजते. पन मावऱ्याचा वास मावऱ्याला, बायचा बायला. बायचा वास आला तं गिऱ्हाईक टोपलीजवल येल काय?"

"मग तू काय करतेस?"

"तुरटी."

"लावली गं! झोंबली नुसती."

"कवा लावली? अंघोल करून, ओल्या अंगाला, नि लगेच पलालीस ना? येडी का काय! तुरटी रातची लावाची. अंग धुवाचा, कोरडा पुसाचा, मंग पान्यात बुडवून हलकीच फिरवाची, नि निजाचा. रातचा घाम नसतो, ती बसते. सकालची अंघोल केली तरी जात न्हाय. आतून पातल सुती चोली घालाची. घरी आली की पयली ती भिजलेली चोली काढाची, धुवाची. अंगावर सुकवाची न्हाय. नि ती तुझी कांबल..."

"धाबळी."

"तीच. रिठ्याच्या पान्यात टाक, उनात टाक. अत्तरबित्तर काय नको. घानीवर अत्तर म्हंजी गटारात फूल."

"पण धाबळीला पाणी..." बाई बोलू लागल्या आणि त्यांना ती दशमीची सकाळ आठवली. मग म्हणाल्या, "तू जयंतीला ये. मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे."

"मी येन," चांगुणा म्हणाली. "तुज्यासाठी न्हाय. होडी अजून आली न्हाय, म्हनून."

त्याच दुपारी धाबळी रिठ्याच्या पाण्यात बुडाली. पहिलं पाणी खाडीच्या गाळासारखं निघालं, दुसरं काढ्यासारखं. बाईंनी मनात सासूबाईंची क्षमा मागितली. मग थोडा विचार करून पाण्याचीही मागितली. पुढचे तीन दिवस त्या सोवळ्यात वाळवलेल्या सुती लुगड्याने, रात्री तुरटी लावून, प्रदक्षिणा घालत राहिल्या. थंडी कडाक्याची वाजली, पण देवळातला वास गेला.

पौर्णिमेला संध्याकाळी देऊळ गच्च भरलं. पाळणा सजला होता. जन्माची वेळ सूर्यास्ताची. दोरी ओढायचा मान त्या वर्षी सत्यवतीबाईंना मिळायचा होता, हे भटजींनी आधीच जाहीर केलं होतं. चांगुणा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. बाई पाळण्यापाशी गेल्या, वळल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या.

"मला सांगायचंय. तो वास चांगुणाचा नव्हता. माझा होता."

मग मथूताईंनी दोन्ही हात जोडले.

"ऐकलंत? दुसऱ्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला! एका कोळणीसाठी!"

"अहो नाही, खरंच माझा! धाबळी धुतली नव्हती मी. अकरा वर्षं!"

"काय ही नम्रता!" भटजींचे डोळे पाणावले. "व्रताचं फळ म्हणतात ते हेच."

"भटजी, तुम्हाला नऊ शिंका आल्या त्या माझ्यामुळे आल्या हो!"

"शिंका तर मला पडशाने आल्या होत्या, बाई. तुमच्यामुळे तर तो वास गेला!"

बायका कौतुकाने कुजबुजू लागल्या. सत्यवतीबाई लाजेने लालबुंद झाल्या. दोरीला हात न लावताच त्या गर्दीतून वाट काढत सरळ उंबऱ्याबाहेर गेल्या आणि चांगुणाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मथूताईंनी ते पाहिलं. सत्यवतीबाई मागे उभ्या राहिल्यावर आपण पुढे कसं राहायचं? त्या उठल्या आणि सत्यवतीबाईंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. ते पाहून मामलेदारांच्या वहिनी उठल्या, त्या मथूताईंच्या मागे गेल्या. मग कुणालाच पुढे राहवेना. बघता बघता देऊळ रिकामं झालं, अंगण भरलं. आत विसूभटजी एकटे, दोरी हातात धरून. सूर्य खाडीवर टेकत आलेला.

"अहो, कुणीतरी या! वेळ टळतेय! देवाला ताटकळत ठेवताय?"

कुणी हलेना. प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे व्हायला खुणावत होतं. भटजींनी आकाशाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. त्या सगळ्या गर्दीत सर्वांत पुढे उंबऱ्याशी चांगुणा उभी होती.

"ये गं तू तरी! ओढ!"

चांगुणाने पदर खोचला, आत गेली आणि दोरी ओढली. पाळणा हलला, बत्ताशे उधळले, अंगणातून गजर झाला. होडीवरच्या माणसासाठी ती काय पुटपुटली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण पाळण्यातल्या दत्तापासून आता ती हातभर अंतरावर होती.

"बघा कसं दरवळतंय," मथूताई मागून म्हणाल्या. "कुठे गेला तो वास? पुण्याई हो, सत्यवतीबाई, तुमची पुण्याई."

"पुण्याई नाही हो, रिठे..." बाई पुन्हा कळवळून सांगू लागल्या.

चांगुणाने दोरी न सोडता मान वळवली. "बाय, आता गप राव. आनखी एक शब्द बोललीस तं ह्या तुझ्या पाया पडतील."

सत्यवतीबाईंनी खाली पाहिलं. मथूताई वाकल्याच होत्या.