दुसऱ्या दिवशी कोण?

दळवींना समोसा दाखवला की ते दोन पावलं मागे सरकतात. आवडत नाही म्हणून नव्हे. अर्ज घेऊन आलेल्या मुलांनी आणला म्हणून. "वहिनी, ही लाच आहे," असं ते इतक्या जोरात कुजबुजतात की समोसाही ओशाळतो.

आमच्या मुलुंडच्या वाचनालयाचा एक छोटा निधी आहे. कॉलेजातल्या मुलांना वस्तीसाठी काही काम करायचं असेल तर त्यांनी अर्ज करायचा, आणि आम्ही तिघांनी गुण देऊन ठरवायचं. मी, ग्रेसी टीचर आणि पाणीखात्यातून निवृत्त झालेले, पण टोपी न उतरवलेले दळवी.

दळवी अर्ज शेवटच्या पानापासून वाचतात आणि मुलाखतीत एकच प्रश्न विचारतात, "फोटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी कोण?" मुलं आधी हसतात, मग एकमेकांकडे बघतात.

मी समितीत आले तेव्हा जेमतेम साठीची होते, म्हणजे अक्कल यायची होती. अर्जात रंगीत चित्र दिसलं की दहापैकी दहा. 'सर्वांगीण सक्षमीकरण' हे शब्द वाचून तर माझे डोळे भरून यायचे. अर्थ विचारू नका. एकदा पवईच्या मुलांनी वस्तीतल्या भिंतीवर बाटल्यांमधली बाग करायचा अर्ज आणला. दाखवताना मागे बासरी वगैरे.

"मे महिन्यात सगळे गावाला," दळवी म्हणाले. "पाणी कोण घालणार?"

"अहो, काय सारखं पाणी पाणी! मुलांचा उत्साह मारू नका!" मी असं भाषण ठोकलं की ग्रेसी टीचरने घाबरून माझ्या बाजूने मत दिलं.

मेमध्ये मुलं खरंच पळाली. मी गुपचूप भिंत बघायला गेले, तर बाग हिरवीगार! मी फुशारले. तेवढ्यात तिथली एक बाई म्हणाली, "ते टोपीवाले काका रोज येतात ना, डबा घेऊन. चार शिव्या देतात आणि पाणी घालतात."

दळवींना गाठलं.

"पाहणीला गेलो होतो. पाहणी करताना थोडं पाणी सांडलं."

"रोज?"

"म्हातारा झालोय. हात कापतात."

समितीत एक नियम त्यांनीच आणलाय. अर्जाचा फायदा आपल्याला किंवा घरच्यांना होणार असेल, तर बाहेर जायचं. माझ्या नातवाचा अर्ज आला तेव्हा मला व्हरांड्यात बसवलं. मी दाराला कान लावून सगळं ऐकलं, ते सोडा.

गेल्या महिन्यात ऋतुजा नावाची मुलगी आली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून दोनदा जाऊन गप्पा मारायच्या, एवढाच तिचा अर्ज. चित्र नाही, बासरी नाही. मंजूर एकच होणार होता, आणि तिच्या आधीच्या मुलांनी वाचनालयात ड्रोन उडवून दाखवला होता.

दळवींनी शेवटचं पान उघडलं आणि उठले. "मी बाहेर थांबतो."

"का हो? भाची का तुमची?"

"नियम आहे," म्हणाले आणि गेले.

मी ते पान बघितलं. ऋतुजाच्या गटातल्या मुलांनी घरोघरी फिरून भरून घेतलेली यादी होती. सातवं नाव दळवींचं. पुढे, 'एकटे'. 'गप्पा कधी होतात?' या रकान्यात त्यांचं टपोरं अक्षर: 'बैठक असली, तर.'

बारा वर्षं मी या माणसाशी भांडतेय. चहाला एकदाही गेले नाही.

ऋतुजा प्रश्नाची वाट बघत उभी. शेवटी मीच चष्मा वर सरकवला. "फोटो काढून झाले. दुसऱ्या दिवशी कोण?"

"मी. माझी परीक्षा असली की सोनल. वेळापत्रक पानाच्या मागे आहे, आजी. आणि फोटो नाहीच काढणार. गप्पा मारताना कोण फोटो काढतं यार... सॉरी."

ड्रोन हरला.

व्हरांड्यात दळवी दारापासून चांगली दहा पावलं लांब, भिंतीकडे तोंड करून उभे होते. कान लावायचा मोहसुद्धा होत नाही या माणसाला.

"झालं?"

"झालं. मंजूर."

त्यांनी टोपी नीट केली. मग कुजबुजले, आणि या वेळी खरोखरच इतकं हळू की मला कान पुढे करावा लागला.

"वहिनी, आता निकाल लागलाय ना? मग ती मुलं घरी आली, आणि मी समोसे आणले... तर ती लाच नाही ना होणार?"