खुर्चीची बदली

आमच्या शेजारच्या कुमुदताई कर्जाची बदली करत. फेड नव्हे, बदली. तीही रीतसर आदेश काढून, वर जावक क्रमांक घालून.

पनवेलच्या पंचायत समितीत त्या कारकून होत्या. मास्तरांच्या बदल्यांचे कागद त्यांच्या हातून जात. आदेश, कार्यमुक्ती, नव्या गावी रुजू होण्याआधी मिळणारा पदग्रहण अवधी, सगळं तोंडपाठ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांना क्रेडिट कार्ड मिळालं, आणि पाठोपाठ दुसऱ्या एका बँकेचं पत्र आलं की तुमची बाकी आमच्या कार्डावर आणा, सहा महिने व्याज नाही. आमच्या सोसायटीत ते इंग्रजी पत्र तिघा पदवीधरांनी वाचलं आणि तिघांनी तीन अर्थ सांगितले. कुमुदताईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे बदली. सहा महिने पदग्रहण अवधी. नियमात बसतं."

'नियमात बसतं' हा त्यांचा शेवटचा शब्द. वालाच्या बिरड्यात गूळ किती घालायचा, हेसुद्धा आधी नियमात बसावं लागे.

आज माझी नात फोन दाखवून कोथिंबीर घेते आणि मी काही आश्चर्य वाटल्याचं दाखवत नाही. पण तेव्हा मी चाळिशीची, बी.ए. झालेली आणि स्वतःला भलतीच हुशार समजणारी बाई होते. कार्ड दाखवलं की दुकानदार वस्तू देतो आणि पैसे बँक भरते, एवढं मला पक्कं समजलं होतं. बँक ते परत मागते, हा भाग मी सोयीनं ऐकलाच नव्हता. ताई ते कार्ड देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवत, आणि मी त्यांच्याकडे गेले की आधी तिकडे बघून मग देवाकडे बघत असे.

पनवेलच्या एका दुकानदारानं ते उलटंसुलटं करून विचारलं होतं, "ताई, हे कुठल्या वाचनालयाचं?" म्हणून आम्ही खरेदीला वाशीला गेलो. तिथल्या माणसानं कार्ड एका यंत्रात ठेवून वरून दांडा सरकवला. खर्रकन आवाज झाला, कार्बनचा कागद निघाला, ताईंनी सही केली आणि एकही नोट न मोजता सागवानी आरामखुर्ची त्यांची झाली. लांब हातांची, वेताच्या बैठकीची. मी त्या यंत्राला नमस्कार करणार होते, ताईंनी माझा हात खाली ओढला.

खुर्ची घरी आली, पण तिच्यावरचं प्लॅस्टिक काही निघेना. टेम्पोवाला उरणकडचा होता. ताईंनी त्याला प्लॅस्टिकला हात लावू दिला नाही, तेव्हा तो म्हणाला, "काकी, ही बसायची हाय का पुजायची?"

"जिच्यावर बसायचं तो माणूस अजून रुजू व्हायचाय," ताई म्हणाल्या.

तो माणूस म्हणजे त्यांचे यजमान. विदर्भात दूरच्या एका गावी सरकारी नोकरीत होते आणि अकरा वर्षं पनवेलला बदली मागत होते. या खेपेला सहा महिन्यांत आदेश निघेल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते आले की दोन पगारांत खुर्ची फिटणार, तोवर कर्ज त्या पत्रवाल्या बँकेच्या निळ्या कार्डावर बिनव्याजी बसणार. ताईंचा हिशेब इतका सरळ होता.

सहा महिने संपले. आदेश निघाला नाही. एका सकाळी जिन्यात ताई म्हणाल्या, "शैला, खुर्चीची बदली झाली गं. एक तारखेपासून."

मला वाटलं, खुर्ची जाणार. कुठे? अर्थात आमच्याकडे. शेजारधर्म म्हणून दुसरं कुणाकडे जाणार? मी गॅलरीतली जुनी ट्रंक भंगारवाल्याला दिली. शेवाळी रंगाची, झालर लावलेली उशी शिवली. आमच्या ह्यांना बजावलं, "ओल्या अंगानं बसायचं नाही." आणि एक तारखेला उशी काखेत मारून ताईंच्या दारात उभी राहिले.

"न्यायला आलेय."

"काय?"

"खुर्ची. बदली झाली ना तिची?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी आत नेऊन मला फाईल दाखवली. त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'आरामखुर्ची, नग एक, हिच्या कर्जास निळ्या कार्डावरून कार्यमुक्त करून सोनेरी कार्डावर पदस्थापना देण्यात येत आहे.' खाली सही, तारीख, आणि 'प्रत माहितीसाठी: यजमान'.

"खुर्ची जागेवरच राहते," त्या समजावून म्हणाल्या. "कर्ज जातं, नव्या बँकेकडे."

मी उशी पाठीमागे लपवली. पण खरं सांगते, लाजेपेक्षा दडपण जास्त आलं होतं. मला दूधवाल्याला दोन दिवस थांब म्हणता येत नसे, आणि ही बाई दोन दोन बँकांना सहा सहा महिने थांबवून ठेवत होती.

आणखी सहा महिने गेले. त्यापुढच्या बँकेनं मात्र नकार कळवला. ताईंनी फंडातून पैसे काढले, सगळी बाकी एकदम भरली आणि सगळ्या कार्डांचे कात्रीनं दोन दोन तुकडे केले.

"सुटलात हो ताई," मी म्हणाले.

त्या फाईलची नाडी बांधत होत्या. "कर्जाला अर्ज केल्याबरोबर बदली मिळाली, शैला. ह्यांना बारा वर्षांत एकदा नाही. परवा पुन्हा नामंजुरी आली."

मी घरी गेले आणि ती शेवाळी उशी आणून त्यांच्या हातात दिली.

दिवाळीत यजमान चार दिवसांच्या रजेवर आले. उंच, अबोल माणूस. प्लॅस्टिक निघालं. ते खुर्चीत, उशीला पाठ टेकून, आणि ताई खाली त्यांच्या पायांशी वाल सोलत. मी डोकावले तेव्हा ते म्हणत होते, "अगं, तू बस ना जरा." आणि कुमुदताई चक्क खळखळून हसत होत्या. इतक्या वर्षांत ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी ते परत गेले. चकलीचा डबा द्यायला मी गेले, तर ताई खुर्चीवर पुन्हा प्लॅस्टिक चढवत होत्या. उशीवर यजमानांच्या पाठीचा खोल खळगा पडला होता. बायकांच्या सवयीनं, ती झटकून सारखी करायला माझा हात पुढे झालाच.

ताईंनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, शैला," त्या म्हणाल्या. "नियमात बसत नाही. तरी राहू दे."