बोगद्यात राहायला मनाई आहे

"माझ्या बोगद्यात नियमाबाहेरची एक काडी सापडायची नाय, मॅडम!"

साखरशेतची सुनिता जव्हारच्या स्टँडवर ठणकावून सांगत होती. योगिता मॅडम तालुक्याहून तपासणीला निघालेल्या. त्या वाट चुकू नयेत म्हणून सुनिता सकाळची पहिली जीप धरून स्वतःच त्यांना न्यायला आली होती. एवढी खात्री बाईला!

खात्री असायचीच! बांबूच्या कमानी, वर पांढरं प्लास्टिक, आत मिरचीची रोपं. बोगदा तिनं अगदी नियमानं उभा केला होता. रस्त्यापासून लांब, जोतं नाही, भिंत नाही. एकच अट कडक होती: आत फक्त पीक, माणसानं राहायचं नाही. राहिलं की ते झालं घर, आणि शेतात बिनपरवाना घर म्हणजे मोडून टाका! बोगदा मोडला की रोपं गेली, रोपं गेली की नवरा तुळशीदास पुन्हा भिवंडीला बांधकामावर. गेल्या खेपेला तो गेला तेव्हा तिला कितीतरी दिवस भाकर गोड लागली नव्हती. यंदा त्याला जाऊ द्यायचं नाही, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

सुनिताला मागे बसवून आलेली मॅडमची स्कुटी बांधाशी थांबली. थंडीनं मॅडमचे दात वाजत होते.

"सुनिताताई, बोगद्यातून धूर का येतोय?"

सुनिता धावत सुटली. दारात दगडांची चूल! चुलीवर नागलीची भाकर! आत सारवलेली जमीन, मधोमध खाट, खाटेवर सासरे धोंडीबाबा, पायाशी शेळी. आणि रोपांच्या ट्रेच्या अधेमधे लग्नाला आल्यासारखं मांडी ठोकून बसलेलं निम्मं साखरशेत!

"बाबा! हे काय मांडलंय?"

"अगं, नवं छप्पर उभं राहिलं! त्याखाली चूल पेटवायची नाय? गावाला भाकर घालायची नाय? आपल्यात असं कधी झालंय?" धोंडीबाबा उठायचं नाव घेईनात. "आन् ऊब काय झकास हाय! तुम्ही सगळी निजली की मी तर परवापासून इथंच येऊन निजतो."

"इथंच निजतात?" मॅडमनी पेन काढलं.

"नाय नाय! म्हातारा गंमत करतोय!"

"गंमत कसली? ही बघा माझी गोधडी!"

सुनितानं पदर खोचला. "मॅडम, तुम्ही रस्त्यापासूनचं अंतर मोजून या. तोवर आत माणसाचं काय बी उरलं, तर बोगदा मीच मोडते!"

मॅडम टेप घेऊन वळल्या आणि सुनिता ओरडली, "उचला रे सगळं! सगळं घरी न्या!"

मग काय विचारता! कामाला सारा गाव एक. चूल गेली, शेळी गेली, धोंडीबाबा खाटेसकट गेले! सुनिता वाकून सारवण खरवडत बसली. मान वर केली तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या.

"वा! चूल नाही, खाट नाही. पण ताई, पीक कुठाय?"

बोगदा धुतल्यासारखा रिकामा! सुनिता वळून गावावर ओरडली, "माझी रोपं कुठं नेलीत?"

"तूच म्हणालीस ना, सगळं उचला?" शेजारचा माघ्या म्हणाला. "रोपं तुझ्या घरात ठेवलीत, चुलीपाशी. जागा पुरेना म्हणून तुमची अंथरुणं अंगणात काढली."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुमच्याकडे रोपं घरात राहतात आणि माणसं बोगद्यात?"

पण सुनिता हटणारी नव्हती. "रांग लावा!" घरापासून शेतापर्यंत माणसं उभी राहिली. ट्रे हातोहात परत येऊ लागले. तुळशीदास लावत होता, धोंडीबाबा कुरकुरत पुढे देत होते, एक ट्रे तर मॅडमच्याही हातात आला! शेवटची मिरची जागेवर बसली, तेव्हा कुठे मॅडमनी सही केली. सुनिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आता तुळशीदास कुठंही जाणार नव्हता!

मॅडम हात चोळत म्हणाल्या, "सुनिताताई, बाहेर फार गारठा आहे हो. जरा आत बसून भाकर खाऊ का?"

सुनितानं डोळे पुसले आणि ती दारात आडवी उभी राहिली.

"माफ करा मॅडम. आत फक्त पीक!"

परत आणलेली खाट बांधावर टाकून कुडकुडत बसलेले धोंडीबाबा सरकले आणि त्यांनी गोधडीचं एक टोक वर धरलं.

"ये पोरी, बस इथं. मला बी हाकललंय तिनं!"