मर्विनराव टटल मरणातून सुटले त्याची हकीकत

श्री. अंधारात उजेड पाडणाऱ्या देवतेस आणि अंधारात बसून टाळी देणाऱ्या प्रजेस नमन करून लिहिले ऐसीजे. शके अठराशे साठ, बहुधान्य नाम संवत्सरे, आश्विन मासी, पश्चिम समुद्राचे तीरी, नारिंगांचे बागांपलीकडे एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही. उगीच कोणाचा रोष का पत्करावा? त्या राज्यात धान्य पिकत नसे, लोखंड निघत नसे, चित्रपट मात्र निघत, आणि ते दशदिशांस जात, आणि त्याजवरच सारा कारभार चाले. राज्याचे धनी हुजूर. मूर्ती ठेंगणी, तोंडात सदैव चिरूट, आणि हुजूर दालनात खोकले तर फाटकावरचा पहारेकरी ताठ उभा राही.

त्या राज्यात मर्विनराव टटल नावाचे नट चाकरीस होते. नायक नव्हेत आणि खलनायकही नव्हेत. नायकाचा सोबती, नायिकेचा चुलता, बँकेतला म्हातारा कारकून, आगबोटीचा तांडेल, जे पडेल ते काम करावे आणि चित्रपट निम्मा होण्याचे आत मरावे, हा त्यांचा शिरस्ता. नायकास चेव यावयाचा कसा? तर टटल मारावा, मग नायकाने टोपी काढून त्यांचे प्रेताकडे पाहावे, दात आवळावे आणि घोड्यावर बसावे. मर्विनराव गोळीने मेले, तापाने मेले, कड्यावरून पडून मेले, आणि एका चित्रात तर हत्तीने तुडविले. तो हत्ती शेवटचे मिरवणुकीत झूल घालून हजर होता, टटल नव्हते. मरण्याचे कामी त्यांची तोड नव्हती. डोळे मिटता मिटता खालचा ओठ असा काही थरकवीत की दगडालाही हुंदका फुटावा. लोक रडत आणि घरी जाता जाता त्यांचे नाव विसरत. त्यांचे कुटुंब एडनाबाई, त्यांनी मात्र नवऱ्याचा एकही चित्रपट अखेरपर्यंत पाहिला नव्हता. नवरा पडला की उठावे आणि बाहेर जाऊन बसावे. म्हणत, "खोटं आहे हे मला कळतं हो, पण माझ्या पोटाला नाही ना कळत!"

त्या साली हुजुरांनी घोडेस्वारांचे मोठे चित्र काढावयास घेतले आणि रेडमन नावाचे दिग्दर्शक त्यावर नेमिले. मर्विनरावांस टपालगाडीच्या म्हाताऱ्या गाडीवानाचे काम मिळाले. आता त्या राज्याची उफराटी चाल ऐसी की, कथेत जे आधी ते आधी चित्रित करावे ऐसे नाही. जो देखावा उभा असेल तो आधी उरकावा. नायकाचे लग्नाच्या पंगतीचा मंडप तयार होता आणि तो लवकरच मोडावयाचा होता, म्हणोन कथेचा शेवट पहिल्याप्रथम चित्रित जाहला. लिहिणारांस मधली कथा तर सुचलीच नव्हती! पंगतीत माणसे कमी पडली तेव्हां रेडमन म्हणाले, "टटल, तुम्ही कडेला उभे राहा आणि तो भाजलेला पक्षी कापा." मग मर्विनराव बाह्या सारून उभे राहिले, पक्षी कापिला, सर्वांस वाढिला, आणि काम संपले.

पुढे मधली कथा लिहिली गेली, आणि ती हुजुरांस मिळमिळीत वाटली, आणि आज्ञा जाहली की शिरस्त्याप्रमाणे टटल मारावा. दरोडेखोरांनी टपालगाडी लुटावी आणि गाडीवानास गोळी घालावी ऐसे ठरले. मग हुजुरांनी मर्विनरावांस दालनात बोलाविले आणि म्हणाले, "टटल, तुमची एक अडचण झाली आहे. तुम्ही पडद्यावर दिसलात की माणसं लगेच म्हणतात, हा मरणार. मग धक्का कसला बसणार, कपाळ? एवढ्या चित्रापुरतं मरा आणि मग तुम्ही मोकळे. करार काही वाढायचा नाही." मर्विनरावांचे तोंडचे पाणी पळाले. टोपी हातात फिरवीत म्हणाले, "हुजूर, एखाद्या वेळी न मारता पाहिलं तर?" त्यावर हुजूर हसले. "टटल न मेलेला चित्रपट? पाहणार कोण तो?" आणि हुजूर हसले म्हणोन दालनातील सारे हसले.

घरी येऊन सांगितले तेव्हां एडनाबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "एवढं काय घेऊन बसलात? तिकडे आयोवा प्रांतात माझ्या दादाचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे विकू." मर्विनराव म्हणाले, "मला खिळ्यांतलं काही कळत नाही गं." बाई म्हणाल्या, "शिकाल." आणि मग पाठ फिरवून बराच वेळ रस्सा ढवळीत राहिल्या. मर्विनरावांस दुकानाचे भय नव्हते. वीस वर्षे हीच विद्या केली, आणि विद्या ती काय, तर पडणे आणि ओठ थरकविणे, आणि ती आता कोणास नको, हे त्यांचे जिवास लागले. तरी दुसरे दिवशी गेले आणि गोळी खाऊन मेले, आणि असे मेले की दिवे धरणारे गडीही नाक पुसू लागले. रेडमन म्हणाले, "झकास!" आणि जेवावयास गेले.

चित्र जोडून तयार जाहले तेव्हां ते परीक्षेस काढिले. जैसे जुने राजे वेष पालटून बाजारात फिरत, तैसे हे हुजूर जुना कोट घालून दूरचे एखादे गावी जात, आणि मागचे रांगेत गुपचूप बसून लोकांचे मत ऐकत. तैसेच या खेपेस गेले. मर्विनरावही एडनाबाईंस घेऊन तेथे गेले, कां की चाकरीतले हे शेवटचे चित्र, पाहावे तरी. खेळ चालला. दरोडा पडला, गोळी सुटली, मर्विनराव पडले. बायका मुसमुसू लागल्या, एक गृहस्थ तर मोठ्याने "मेल्यांनो!" म्हणोन दरोडेखोरांस ओरडला. एडनाबाई नेहमीप्रमाणे उठून बाहेर गेल्या. मर्विनराव खुर्चीत मागे टेकले आणि इतकियांत त्यांस ती पंगत आठवली! मनात म्हणाले, आपण तर तेथे पक्षी कापीत उभे आहो. मग म्हणाले, छे, एवढे शहाणे लोक, त्यांनी काढून टाकिलेच असेल. परंतु मनातली धास्ती जाईना. नायकाने सूड घेतला, चर्चची घंटा वाजली, मंडप दिसला, आणि मर्विनरावांची पाचावर धारण बसली. कारण मेजाचे कडेस, बाह्या सारून, अंगावर ओरखडाही नाही ऐसे टटल उभे, आणि पक्ष्याची तंगडी मोडून वधूचे ताटात वाढीत आहेत.

नाट्यगृहात चिडीचूप जाहले. मागचे रांगेत हुजुरांचा चिरूट मांडीवर पडला. मर्विनरावांनी डोळे मिटून घेतले की आता हसे होणार, आणि आपण मरताना ज्या लोकांनी डोळे पुसले तेच टिंगल करणार. तों पुढून एक बाई ओरडली, "अगं बाई! म्हातारा जिवंत आहे!" आणि काय सांगावे, सारे गाव उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या उडाल्या. नायकाने नायिकेचे चुंबन घेतले ते कोणीच पाहिले नाही. बाहेर एडनाबाईंस वाटले की आग लागली. धावत आत आल्या आणि वाटेतच थबकल्या. पडद्यावर नवरा, खांबाएवढा उंच, आता आपले ताटात वाढून घेत होता. तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो! तुम्ही जेवताय!" आणि तेथेच मटकन बसून रडू लागल्या.

खेळ सुटल्यावर हुजूर पदपथावर लाल होऊन उभे होते. "त्या पंगतीत टटल कोणी ठेवला? पाहिलं नाही कोणी?" रेडमन खाली मान घालून म्हणाले, "पाहिलं सगळ्यांनी, हुजूर. टटल तिथे आहेत हे कोणाला दिसलं नाही." हुजूर हळूच म्हणाले, "दिसले तर मलाही नाहीत." मर्विनराव पुढे होऊन म्हणाले, "हुजूर, काढून टाकता येईल. मी कडेलाच आहे." त्यावर एडनाबाई कडाडल्या, "खबरदार काढलंत तर!" साक्षात हुजुरांस! रेडमन चार पावले मागे सरले. इतकियांत नाट्यगृहातून एक आडदांड गृहस्थ बाहेर आला, वाटेतल्या हुजुरांस कोपराने बाजूस सारून मर्विनरावांचे दोन्ही खांदे धरिले, दाबून पाहिले आणि म्हणाला, "वाचलास रे बाबा! बायको माझी रडून रडून अर्धी झाली होती. आता जेवेल तरी." आणि निघून गेला. हुजूर त्याचे पाठमोऱ्या आकृतीकडे पाहात राहिले. मग आज्ञा जाहली ऐसी: गोळी लागावी, परंतु गाडीवानाने मरू नये, मलमपट्टीचा एक प्रसंग मध्ये घालावा. "आणि टटल, तुमचा करार वाढवला. आजपासून तुम्हाला मरायची परवानगी नाही." मर्विनरावांचा जीव भांड्यात पडला. परतताना अर्धे वाटेवर मोटार कडेस लावून ते मोकळेपणी रडले, आणि एडनाबाई म्हणाल्या, "रडा, रडा. घाई नाही आपल्याला."

परंतु मलमपट्टीचे दिवशी नवेच संकट उभे राहिले. मर्विनराव खाटेवर निजले, यंत्र फिरू लागले, आणि सवयीने ओठ थरकला, मान कलली, आणि टटल मेले. रेडमन ओरडले, "अहो, वाचायचंय तुम्हाला!" पुन्हा घेतले, पुन्हा मेले. पट्टी बांधणारी नटी रडू लागली. मर्विनराव उठून बसले आणि ओशाळून म्हणाले, "माफ करा. वाचायचं कसं ते मला कधी कोणी सांगितलंच नाही." मग रेडमन, जे आजवर त्यांच्याशी उभ्याउभ्याच बोलत, ते खाटेचे कडेस बसले आणि म्हणाले, "काही करू नका, टटल. नुसते पडून राहा आणि श्वास घ्या." तेव्हां मर्विनरावांनी डोळे उघडे ठेविले आणि श्वास घेतला, आणि मग दुसरा घेतला, आणि यंत्र फिरत राहिले, आणि थांबा म्हणावयाचे कोणास सुचले नाही.

येणेंप्रमाणे मर्विनराव टटल वाचले. पुढे बहुत वर्षे चाकरी केली आणि दर चित्रात शेवटचे पंगतीपर्यंत राहिले. ही युक्ती आपलीच, ऐसे हुजूर सर्वांस सांगत. सांगोत बापडे, मनुष्य तर राहिला. आम्ही ऐकिले तैसे लिहिले. वाचणारांनी आज दोन घास अधिक जेवावे. इति.