आठवणींचं शूटिंग

संग्रहालयाचं उद्घाटन उद्यावर आलं आणि तातेराव गुरुजींना शूटिंगची हौस आली. खरं तर हौस सभापतींची. ‘गावानं संग्रहालय कसं उभं केलं, त्याचीही कॅसेट करा, वरच्यांना दाखवता येईल,’ असा त्यांचा निरोप आला आणि गुरुजी हुरळले. निवृत्त झाल्यापासून टेंभुर्णीत दारोदार हात जोडून त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या होत्या. शाळेच्या रिकाम्या खोलीत त्या मांडूनही झाल्या होत्या. माणसानं गप्प बसावं की नाही! पण नाही.

लग्नांचं शूटिंग करणारा देवानंद जालन्याहून कॅमेरा घेऊन आला. खोली बघून त्याचं तोंड उतरलं.

"गुरुजी, हे तर सगळं होऊन बसलंय. मी काय काढू?"

"मंग रे?"

"ज्यानं त्यानं आपली वस्तू घरी न्यावी. मी दारात उभा राहतो. घरातून आणायची अन् तुमच्या हातात द्यायची. बिलकुल खरं वाटतं बघा."

गुरुजींना पटलं. झालं! तासाभरात अख्खं संग्रहालय गावात परत गेलं.

पहिला नंबर चतुराबाईंचा. पितळी समई देताना ‘न्या बाबा, अडगळ गेली,’ असं त्याच म्हणाल्या होत्या. आता नवं लुगडं नेसून, समई चिंचेनं लखलखीत घासून त्या दारात उभ्या राहिल्या.

"आजी, हिची काही आठवण सांगा की," देवानंद म्हणाला.

"आठवण कशाची बाबा... सासूबाईची हाय. माझा थोरला झाल्ता, तवा पाचवीच्या राती हीच लावल्ती. म्हातारीनं रातभर इझू दिली न्हाई." एवढं बोलून चतुराबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"एक नंबर! आता द्या गुरुजींकडं."

"का म्हणून?" चतुराबाई म्हणाल्या आणि समई घेऊन आत गेल्या.

रखमाजीनं बैलाची घुंगरमाळ दिली होती. कॅमेऱ्यासमोर ती वाजवून दाखवता दाखवता त्याला मेलेला बैल आठवला, आणि माळ त्यानं स्वतःच्याच गळ्यात घातली. काढीना. गुरुजींनी देवानंदला बाजूला ओढलं.

"अरे बाबा, आठवण विचारू नको!"

"मंग कॅसेटमधी काय घालू? नुसतं सामान?"

पण आता विचारायची गरजच उरली नव्हती. पुढच्यांना आपापलं आठवू लागलं होतं. पुंजारामला तेवढं त्याच्या फुटक्या कंदिलाचं काही आठवेना. आईला विचारून येतो म्हणाला, तो आलाच नाही.

दिवस कलला तेव्हा खोलीत नुसत्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या. एका टेबलावर मात्र लाकडी फणी-कुंकवाची पेटी शिल्लक होती. ती गुरुजींच्याच घरची, म्हणून तिचं शूटिंग करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी उषाबाई दोघांसाठी चहा घेऊन आल्या. पेटीकडं नजर गेली आणि किटली हातातच राहिली.

"ही हितं हाय व्हय!"

"काकू, हिची आठवण..." देवानंदनं सवयीनं कॅमेरा उचलला.

"आईनं लग्नात दिल्ती. महिना झाला, शोधून राह्यले मी. बेबीनंदानंच नेली म्हणून तिच्याशी बोलणं टाकलं." बेबीनंदा म्हणजे त्यांची धाकटी जाऊ.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला वाटलं, नुसती पडून असती."

"विचारायचं तरी."

अख्ख्या गावापुढं त्यांनी हात जोडले होते. घरात तेवढं राहून गेलं होतं.

उषाबाईंनी पेटी उघडली. आतल्या आरशावरची धूळ पदरानं पुसली, त्यात क्षणभर पाहिलं, झाकण लावलं आणि पेटी होती तिथं ठेवली.

"राहू द्या. उद्या पाव्हणे येतील, सगळं रिकामं दिसंल."

‘घेऊन चल घरी,’ असं गुरुजींनी म्हणायला हवं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. पण सकाळी सभापती येणार होते.

"बरं," ते म्हणाले.